दोन याद्यांची गाठ कधी पडणार?

‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४० वर्षे, उंची ५ फूट ५ इंच, रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, अंगात निळा हाफ शर्ट. वरील वर्णनाच्या इसमाबाबत कोणास काही माहिती असल्यास पोलिस ठाण्याशी संपर्क साधावा.’

पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात असा मजकूर तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. वाचला किती वेळा? इंटर्नशिपमध्ये असा मजकूर टाइप करण्याचं काम अनेकदा माझ्या वाट्याला येतं आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो. या वर्णनावरून कोण कुणाला ओळखणार? सावळा रंग, मध्यम बांधा, निळा शर्ट. सकाळी दादरच्या पुलावर पाच मिनिटं उभे राहा, असे पन्नास जण समोरून जातील.

पोलिसांना नावं ठेवून हा विषय संपत नाही, हे आधीच सांगते. किनाऱ्यावर किंवा रुळांवर एखादा मृतदेह सापडतो तेव्हा ठाण्यातल्या ज्या हवालदाराकडे ते प्रकरण येतं, त्याच्या हातात बहुतेक वेळा एवढंच असतं. एक फोटो, चार ओळींचं वर्णन आणि खिशात सापडलंच तर एखादं तिकीट. याच्या जोरावर त्याने दोन कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या महानगरात एक नाव शोधायचं. हे काम एकट्या हवालदाराचं नाहीच. त्याच्या पाठीशी कायदा, प्रयोगशाळा आणि पैसा उभा असायला हवा. तो आज नाही, माझा मुद्दा एवढाच आहे.

दर्याला हद्द नसते

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर वरळी कोळीवाड्याकडे बघा. सी-लिंकवरून जाताना डावी-उजवीकडे मान वळवून आपण ज्या वस्तीचे फोटो काढतो, ती वस्ती. टोकाला जुना किल्ला, अलीकडे गोल्फादेवीचं देऊळ, बंदरावर होड्या. तीन बाजूंना पाणी. २००९मध्ये इथून सी-लिंक गेला, नंतर कोस्टल रोड आला. त्या रोडच्या खांबांमधून होड्या सुखरूप बाहेर पडाव्यात म्हणून इथल्या मच्छीमारांनी लढा दिला, तेव्हा २०२२च्या अखेरीस खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करायला महापालिका तयार झाली. पाण्याचा ओढा कुठून कुठे जातो, भरतीला काय वर येतं, ओहोटीला काय अडकतं, हे या लोकांना नकाशा न बघता कळतं.

समुद्रावर रोज जाणाऱ्या माणसाला मासळीसोबत कधी ना कधी मृतदेहही दिसतो. हे कुणी हौसेने सांगत नाही, पण दर्यावरच्या कामाचा तोही भाग आहे. बुडालेला माणूस आधी तळाशी जातो. शरीरात वायू तयार झाले की काही दिवसांनी वर येतो. मधल्या काळात प्रवाह त्याला कुठल्या कुठे नेतो. माणूस बुडाला एका किनाऱ्याला आणि सापडला दुसऱ्याच, असं सहज होतं.

आता पोलिसांची अडचण बघा. मृतदेह जिथे सापडतो, त्या हद्दीतल्या ठाण्यात अपमृत्यूची नोंद होते. पोलिसांच्या भाषेत एडीआर. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४खाली व्हायची, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली होते. पंचनामा, शवविच्छेदन, फोटो, आजूबाजूच्या ठाण्यांना संदेश, पेपरला निवेदन. तिकडे त्या माणसाच्या घरच्यांनी ‘मिसिंग’ची तक्रार दिलेली असते ती घराजवळच्या ठाण्यात. घर डोंबिवलीला असेल तर ती ठाणे आयुक्तालयात, पालघरला असेल तर तिसऱ्याच जिल्ह्यात.

म्हणजे एकच माणूस दोन याद्यांमध्ये आहे. एका यादीत नाव आहे, माणूस नाही. दुसऱ्या यादीत माणूस आहे, नाव नाही. या दोन याद्यांची गाठ पडली तर एका घराचा शोध संपतो. नाही पडली, तर एका ठाण्यात ‘बेवारस’ म्हणून अंत्यविधी होतात आणि दुसऱ्या ठाण्याच्या बाकावर आई दर महिन्याला येऊन ‘काही कळलं का साहेब?’ विचारत राहते.

याद्या आता कागदावर राहिलेल्या नाहीत, हे मान्य. सीसीटीएनएस या देशव्यापी यंत्रणेने पोलिस ठाणी जोडली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह असे दोन्ही विभाग आहेत. पण त्यात जुळवायचं काय? वय अंदाजे, रंग, उंची, कपडे आणि फोटो. समुद्रात आठवडाभर राहिलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या आईलाही ओळखता येत नाही. तिथे फोटो उपयोगाचा नाही आणि अंदाजे वय तर नाहीच नाही. जुळवण्यासारख्या गोष्टी तीनच. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. आणि नेमक्या याच तिन्ही ठिकाणी आपली गाडी अडते.

गुन्हेगाराला नाव, सज्जनाला नंबर

आधी ठसे. २०२२मध्ये ‘नाफिस’ ही राष्ट्रीय ठसे ओळख प्रणाली सुरू झाली. कुठल्याही राज्यातला ठसा टाका, देशभरच्या नोंदींशी ताडून बघता येतो. छान. पण नोंदी कुणाच्या? ज्यांना अटक झाली किंवा शिक्षा झाली, त्यांच्या. म्हणजे मृत माणसाने आयुष्यात कधी चोरी केली असेल तर त्याचं नाव लवकर सापडेल. ज्याने कधी पोलिस ठाण्याची पायरी चढली नाही, बिचारा रोज सकाळी डबा घेऊन कामावर गेला, तो मात्र ‘अनोळखी इसम’ राहणार. सरळ वागण्याचं हे बक्षीस!

मग तुम्ही म्हणाल, आधार आहे की. हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात विचारून झाला आहे. अनोळखी मृतदेहांची ओळख आधारच्या ठशांवरून पटवावी, अशी मागणी तिथे झाली, तेव्हा आधार प्राधिकरणाने २०१८मध्ये ते शक्य नसल्याचं सांगितलं. आधारची रचना ‘हा माणूस तोच आहे का’ हे तपासण्यासाठी आहे, ‘हा माणूस कोण’ हे कोट्यवधींमधून शोधण्यासाठी नाही. शिवाय २०१६चा आधार कायदाच मूळ बायोमेट्रिक माहिती कुणालाही द्यायला मनाई करतो. आपल्या खासगीपणासाठी ही मनाई हवीच. पण मग मेलेल्या माणसाला त्याचं नाव परत देण्याची दुसरी वाट काय, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

दात. परदेशात डेंटिस्टकडच्या नोंदींवरून ओळख पटवणं ही रोजची गोष्ट आहे. आपल्याकडे रूट कॅनाल झालं की एक्स-रे पिशवीतून घरी येतो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो.

राहिला डीएनए. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘लोकनीती फाउंडेशन’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. देशात दर वर्षी सुमारे ४० हजार मृतदेह बेवारस राहतात, त्यांचे डीएनए नमुने जपून बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांशी जुळवा, अशी मागणी. आम्ही कायदाच आणतोय, असं केंद्राने सांगितल्यावर २०१८मध्ये ती याचिका निकाली निघाली. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक जानेवारी २०१९मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण कायद्यापर्यंत पोहोचलं नाही. जुलै २०१९मध्ये पुन्हा मांडलं गेलं, संसदीय स्थायी समितीकडे गेलं, फेब्रुवारी २०२१मध्ये समितीचा अहवाल आला आणि जुलै २०२३मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. याचिका निकाली, विधेयक मागे. मधल्या मध्ये ते हजारो मृतदेह होते तिथेच राहिले.

जमतं, तेव्हा जमतं

आपल्याकडे तंत्रज्ञान नाही म्हणून हे अडलंय, असं मात्र समजू नका. १७ मे २०२१ आठवा. तौक्ते चक्रीवादळ. मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, नौदलाने १८६ जणांना वाचवलं. वरप्रदा ही टगबोटही बुडाली, तिच्यावरच्या १३ जणांपैकी दोघेच वाचले. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही थेट गुजरातमधल्या वलसाडला. अनेक मृतदेह बघून ओळखण्यापलीकडे गेले होते. यलो गेट पोलिसांकडे तपास होता. नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले, डीएनए जुळवले गेले, दोन राज्यांची यंत्रणा कामाला लागली.

तेव्हा का जमलं? कारण कोण कोण तराफ्यावर होतं याची यादी होती. कंपनी होती, कॅमेरे होते, देशाचं लक्ष होतं. दोन याद्यांची गाठ पडली, कारण ती पाडायची असं सगळ्यांनी ठरवलं. एकटा माणूस बुडतो तेव्हा यादी नसते, कॅमेरा नसतो. त्याच्यासाठीही तेच रक्त, तीच कलिनाची न्यायवैद्यक प्रयोगशाळा, तेच तंत्र उपलब्ध आहे. फरक आहे तो फक्त प्राधान्यक्रमाचा.

आणि हा प्राधान्यक्रम आता कायद्यातही आलाय. नव्या संहितेच्या कलम १७६ (३)नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होणार आहे. निर्णय चांगला आहे. पण अनोळखी मृतदेहाच्या बाबतीत गुन्हा झालाय की नाही हेच माहीत नसतं. नोंद अपमृत्यूची असते. म्हणजे तो या नियमाच्या बाहेर. प्रयोगशाळांवर आधीच कामाचा ढीग आहे. त्यात बंधनकारक काम वाढलं की जे बंधनकारक नाही ते सगळ्यात खाली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि नमुना न घेता दहन झालं, की ओळख पटवण्याची शेवटची संधीही त्या धुराबरोबर गेली.

अमेरिकेत यावर ‘नेमअस’ नावाची राष्ट्रीय व्यवस्था आहे. तिथे दर वर्षी सुमारे ४,४०० अनोळखी मृतदेह सापडतात आणि वर्षभरानंतरही त्यातले हजारेक अनोळखीच राहतात, असं तीच व्यवस्था सांगते. म्हणजे श्रीमंत देशातही प्रश्न सुटलेला नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली. बेपत्ता आणि अनोळखी या दोन्ही याद्या एका छताखाली आणल्या, त्यात दात-ठसे-डीएनएची माहिती जोडली आणि छोट्या गावातल्या पोलिसांनाही तज्ज्ञांची मदत फुकट मिळेल अशी सोय केली. तपासाला ठाण्याच्या बजेटची वाट बघावी लागत नाही. यादीचा काही भाग लोकांसाठीही खुला आहे, म्हणजे बहीण भावाला शोधू शकते.

लोकांना दाखवलं की काय होतं, याचं उदाहरण युरोपातलं. १९९२मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या नदीत एका महिलेचा मृतदेह सापडला. हातावर फुलाचा टॅटू, एवढीच खूण. २०२३मध्ये इंटरपोलने अशा २२ महिलांची माहिती एका मोहिमेतून जाहीर केली. ब्रिटनमधल्या एका कुटुंबाने बातमीतला तो टॅटू पाहिला आणि ३१ वर्षांनी तिला नाव मिळालं. आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या हातावर नाव गोंदवून घेतात. खुणा आपल्या अंगावर आहेतच. त्या शोधणारी यंत्रणा नाही.

एका फाइलीमागे नऊ वर्षं

मुंबईतल्याच एका पोलिसाची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र धोंडू भोसले. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. १६५ सापडल्या. एक उरली, २०१३च्या जानेवारीत शाळेत जाताना गायब झालेली सात वर्षांची मुलगी. २०१५मध्ये भोसले निवृत्त झाले, शोध थांबवला नाही. ऑगस्ट २०२२मध्ये ती सापडली. कुठे? तिच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. तिच्यासोबत काम करणाऱ्या एका बाईने तिच्या नावाने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा जुनं पोस्टर सापडलं. पोस्टरवरच्या नंबरांपैकी एकच चालू होता. तो एक नंबर लागला म्हणून मुलगी आईला भेटली.

भोसल्यांना सलाम आहेच. पण या गोष्टीतली भीती ओळखा. तो एक नंबरही बंद झाला असता तर? आणि ज्या ठाण्यात भोसले नाहीत तिथे? एखाद्या पोलिसाची माया आणि एखादा न बदललेला सिमकार्ड नंबर, यावर आपण अख्खी व्यवस्था टांगून ठेवलीय. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रात १८ वर्षांवरच्या १ लाख ७८ हजार ४०० महिला बेपत्ता झाल्याची नोंद आहे. हा सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे. त्यातल्या बऱ्याच परत येतात, सापडतात. पण एवढ्या आकड्याला किती भोसले पुरे पडणार?

साधी कल्पनाही किती काम करते, तेही याच शहरात दिसलंय. डेटा इंजिनीअर अक्षय रिडलान या तरुणाने ‘प्रोजेक्ट चेतना’ सुरू केला. विसराळू झालेले ज्येष्ठ आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं यांच्यासाठी गळ्यात घालायचं क्यूआर कोडचं लॉकेट. एप्रिल २०२४मध्ये वरळीतून हरवलेला १२ वर्षांचा एक मुलगा कुलाब्यात सापडला. त्याला स्वतःबद्दल सांगता येत नव्हतं. कुलाबा पोलिसांनी लॉकेट स्कॅन केलं आणि काही तासांत तो घरी होता. पोलिसांच्या हातात नेमकी माहिती दिली, की पोलिस काम करतात. इतकं सरळ आहे हे.

‘पण माझा डीएनए सरकारकडे कशाला?’

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर उत्तम. तो रास्त आहे. डीएनए विधेयकावर सगळ्यात मोठा आक्षेप हाच होता. डीएनएवरून जात, समाज, आजार यांचा माग काढला जाईल, ही भीती स्थायी समितीसमोरही मांडली गेली. त्या विधेयकात आरोपी, गुन्हेगार, बेपत्ता आणि अनोळखी मृत अशा सगळ्यांच्या नोंदी एकाच छत्राखाली होत्या. माझं म्हणणं असं, की तिथेच घोळ झाला. गुन्हेगारांच्या डीएनएवर वाद घाला, हवा तेवढा घाला. पण त्या वादात हरवलेल्यांना ओलीस का ठेवायचं? बेपत्ता आणि अनोळखी मृतांसाठी वेगळा, छोटा कायदा करा. मृतदेहाचा नमुना जपणं सक्तीचं. नातेवाइकांचा नमुना फक्त त्यांच्या लेखी संमतीने. वापर फक्त ओळख पटवण्यासाठी. ओळख पटली की नातेवाइकांची नोंद नष्ट. दुसऱ्या कुठल्या तपासात वापरली तर शिक्षा. याला कोण विरोध करेल?

दुसरा आक्षेप आपल्या वयाच्या लोकांचा. हरवलेला प्रत्येक जण हरवलेला नसतो. काही जण निघून गेलेले असतात. घरच्यांना नको असलेलं लग्न केलेली मुलगी, मारहाणीला कंटाळून निघालेली बायको. ‘मिसिंग’ची तक्रार कधी कधी प्रेमापोटी नाही, तर ओढून परत आणण्यासाठी केली जाते. म्हणून यंत्रणा मजबूत करताना ही अट हवीच. सज्ञान व्यक्ती सापडली आणि तिने परत जायला नकार दिला, तर घरच्यांना कळावं एवढंच, की ती जिवंत आहे, सुखरूप आहे. पत्ता नाही. शोधलं जाणं हा हक्क आहे, तसा न सापडणं हाही सज्ञान माणसाचा हक्क आहे.

कोळीवाड्याचं देणं

पुन्हा किनाऱ्याकडे येऊ, कारण एक बाजू कायम राहून जाते. खोल पाण्यात मृतदेह दिसला आणि मच्छीमाराने तो किनाऱ्याला आणायचं ठरवलं, तर त्याचं काय होतं? त्या दिवसाचं डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी पाण्यात. वर जबाब, पंचनामा, पुन्हा पुन्हा ठाण्यात बोलावणं. रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. ते रस्त्यापुरतं आहे. दर्यावर तशी माणुसकी दाखवणाऱ्या कोळ्याला ते लागू नाही. त्याच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई आणि एकदाच जबाब, एवढी हमी द्यायला सरकारला असा किती खर्च येणार आहे?

आणि त्याच कोळीवाड्यातला माणूस समुद्रावरून परतला नाही तर? मृतदेह नाही, म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११प्रमाणे सात वर्षं त्या माणसाची काही खबर नसेल, तरच तो मेल्याचं गृहीत धरता येतं. सात वर्षं! तोवर विमा, बँकेचं खातं, होडीची कागदपत्रं सगळं लटकलेलं. बायको विधवाही नाही आणि सवाष्णही नाही. दूरच्या एखाद्या जिल्ह्यात त्याच माणसाची ‘अनोळखी इसम’ म्हणून नोंद झालेली असू शकते. दोन याद्यांची गाठ न पडण्याची किंमत ही अशी रेशनकार्डापर्यंत येते.

आपण काय करायचं?

कायदा सरकार करेल. तोवर हातात असलेल्या गोष्टी सांगते.

पहिली. माणूस हरवला तर ‘२४ तास थांबा’ असा कुठलाही कायदा नाही. ही सिनेमातली अफवा आहे. लगेच तक्रार करा, ११२ लावा. १८ वर्षांखालचं मूल असेल तर गुन्हाच नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये सांगितलंय. १०९८ हीसुद्धा मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हणालं, तर दखलपात्र गुन्ह्यासाठी नव्या संहितेतल्या ‘झिरो एफआयआर’ची आठवण करून द्या.

दुसरी. तक्रारीत ‘गोरा, सडपातळ’ यापुढे जा. टॅटू, जुनं फ्रॅक्चर, ऑपरेशनचा व्रण, कुठल्या दाताला कॅप, शर्टावर कुठल्या टेलरचं लेबल. फोटो ताजा द्या आणि कृपा करून फिल्टर नसलेला. इन्स्टावरच्या तुमच्या चेहऱ्याने पोलिस तुम्हाला ओळखू शकणार नाहीत! हरवलेल्या माणसाचा टूथब्रश, कंगवा धुऊन ठेवू नका, त्यावर डीएनए असतो. आजच घरातल्या सगळ्यांच्या दातांच्या एक्स-रेचे फोटो काढून मेलवर ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी. ‘हरवला आहे’चा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी तारीख आणि ठाण्याचं नाव बघा. सापडल्यावर पोस्टवर तसं लिहा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. तुमच्या एका क्लिकला तेवढी ताकद आहे.

चौथी गोष्ट कॉलेज म्हणून करण्यासारखी आहे. तुमच्या भागातल्या पोलिस ठाण्याला माहितीचा अधिकार वापरून तीन प्रश्न विचारा. गेल्या पाच वर्षांत अनोळखी मृतदेहांच्या किती नोंदी झाल्या? त्यातल्या किती जणांचे डीएनए नमुने घेऊन जपले? किती जणांची ओळख पटली? अर्जाचं शुल्क १० रुपये. लॉवाल्यांनी अर्ज लिहायचा, कॉम्प्युटरवाल्यांनी आकडे मांडायचे, मास कॉमवाल्यांनी बातमी करायची. मुंबईत शासकीय न्यायवैद्यक विज्ञान संस्था २००९पासून आहे. तिथली मुलं तुमच्याच वयाची आहेत, नमुना जपणं म्हणजे नेमकं काय, हे ती सांगतील. दहा कॉलेजांनी दहा ठाण्यांचे आकडे गोळा केले, तर आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायला तेवढं पुरेसं आहे. १० रुपयांत कटिंगही धड येत नाही आजकाल. अर्ज येतो.